येतो म्हणा

"जातो गं!" असं म्हणून पाठीवर सिलिंडर बांधलेल्या दिनकररावांनी यॉटच्या कडेवरून पाठमोरी उडी घेतली.

कुमुदताईंच्या काळजात चर्र झालं. निघताना 'जातो' म्हणतं का कुणी? "अहो, येतो म्हणा!" त्या ओरडल्या, पण तोवर अंदमानच्या निळ्याशार पाण्यावर नुसते बुडबुडे उरले होते.

लेकानं हौसेनं घडवलेली सहल. शिडाच्या सावलीत गादी घातली होती, गार रुमाल आला, शहाळं आलं. त्यांनी कशालाच हात लावला नाही. कठड्याला धरून बुडबुडे तेवढे बघत राहिल्या. मग तेही दिसेनासे झाले. तोंडातल्या तोंडात त्यांनी रामरक्षा सुरू केली.

अचानक पाणी फुटलं. सोबत उतरलेला गाइड दिनकररावांना दंडाला धरून वर घेऊन आला होता. "क्या हुआ अंकल? ऊपर आने का इशारा क्यों किया? साँस अटक गई?"

कुमुदताईंना रामरक्षेची पुढची ओळ आठवेना.

दिनकररावांनी तोंडातली नळी काढली आणि वर बघितलं. "ऐकलं मी मघाशी. येतो गं."

"या," कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यांनी शहाळं तोंडाला लावलं.