सालीचा काढा

प्रयागबाईंनी उत्तराच्या ओठांपाशी गेलेली वाटी हिसकावली आणि काढा मोरीत ओतला.

"हे काय पाजून राहिले जी हिले?"

विश्वनाथ वैद्य थिजलेच. धरमपेठेतल्या त्यांच्या घरात त्यांचं औषध आजवर कोणी ओतून टाकलं नव्हतं. बायकोला, उत्तराला, कावीळ होऊन अकरा दिवस झाले होते. काढा चालू होता, तरी डोळे हळदीसारखे पिवळे. शेवटी अभिमान खुंटीला टांगून ते एसटीनं एकटेच रामटेकपलीकडच्या खेड्यात गेले होते आणि या म्हातारीला हात जोडून घेऊन आले होते.

"तुम्हीच तं सांगितलं होतं, वेलीची साल उकळून द्या म्हणून. गोऱ्या साहेबाच्या पुस्तकात वेलीचं पान उकळायला लिहिलं आहे. मी त्याचं खोटं ठरवलं, तुमचं खरं मानलं!"

ते खरंच होतं. ऐंशी वर्षांपूर्वी त्या साहेबानं प्रयागबाईंच्या आज्याकडून औषध काढून घेतलं आणि पुस्तकावर आपलं नाव घातलं. ही चीड विश्वनाथांनी सभासभांतून बोलून दाखवली होती. साहेबाची चूक आपण सुधारली, या ऐटीत कळमेश्वरच्या आपल्या कारखान्यात त्यांनी सालीच्या काढ्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. बाटलीवर नाव अर्थात विश्वनाथांचं होतं.

प्रयागबाई खाली बसल्या.

"घरच्या लक्ष्मीले पाजाल, हे मले काय मालूम जी! वाटलं, कागदावर लिहाले पायजे असंन. पान बी नाही, साल बी नाही. मूळ लागते. आमच्या घरचा नेमच हाय, जोरजबरीनं विचारंन त्याले झाडाचं खोटं अंग सांगायचं. त्यानं कोणी मरत नाही, पण गुण बी येत नाही."

त्यांनी पदराची गाठ सोडून मुळाचा तुकडा पुढं केला.

"हे घ्या. आन् पोरीले आजच दवाखान्यात बी न्या. लय दिवस वाया गेले."

विश्वनाथांचा तोल सुटला. "त्या साहेबानं तुमच्या आज्याले शिपायाकरवी धरून आणलं होतं. त्याले खोटं सांगितलं, बरंच केलं. पण मले काहून?"

प्रयागबाईंनी रिकामी वाटी खाली ठेवली.

"पारसाल तुम्ही जीपमधी बसून होते जी. मले तुमच्यापुढं जंगलाच्या गार्डानं धरूनच तं आणलं होतं."