पळसाखालची जमीन

“तिकडं नको नेऊ पोरी! पळसाखाली साप हाय,” शेतमालक अण्णाजी ओरडले.

“आजोबा, मशीनले साप चावत नाई,” समीक्षा हसली आणि तिनं हातातलं बटण दाबलं.

सहा चाकांचं ते यंत्र हिंगणीच्या बरड शेतात खडखडत पुढं सरकलं. असंच एक यंत्र पुढं यानातून लोखंड-निकेलनं भरलेल्या लघुग्रहावर उतरायचं होतं. तिथं माणूस कुठला? सगळा शोध त्यानंच घ्यायचा. म्हणून नागपूरहून येऊन समीक्षानं इथं त्याची परीक्षा मांडली होती. हातभर खोल धातू असला तरी ते हुंगून शिटी मारी. सकाळपासून तिनं पुरलेले तुकडे तर त्यानं हुडकलेच, वर बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव काढली, गंजका खिळासुद्धा सोडला नाही.

अण्णाजींना दरदरून घाम फुटला होता. बायकोनं, मनकर्णाबाईंनी, परस्पर हो म्हटलं, नाहीतर त्यांनी या पोरीला शेताच्या धुऱ्यावरसुद्धा उभं केलं नसतं.

तरुणपणी फटफटी घ्यायच्या नादात त्यांनी बायकोचे चांदीचे तोडे पळवून त्या पळसाखाली पुरले होते. घरात बोंबाबोंब झाली तेव्हा सरळ सालदार नत्थूजीकडं बोट दाखवलं. गडी बिचारा बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला. जाताना मनकर्णाबाईंनी त्याला भाकरी बांधून दिल्या, तर अण्णाजी त्यांच्यावरच खेकसले होते, “चोराले शिदोरी काऊन देते वं?” त्या बोलण्याची लाज त्यांना अजून जाळत होती. तोडे उकरायची छाती मग कधी झालीच नाही.

यंत्र पळसाशी पोचलं. धुऱ्यावर मनकर्णाबाई चहा गाळत होत्या. आता शिटी वाजणार!

“थांबव!” ओरडत अण्णाजी बायकोसमोर येऊन बसले. “अवं, तुहे तोडे तिथं हायेत. म्या पुरले. नत्थूजीनं नाई घेतले वं! त्या देवमाणसाले म्या चोर केलं.” ते ढसाढसा रडू लागले.

समीक्षा गडबडली. तोवर यंत्र पळसाखालून दोनदा फिरलं आणि गप्पच राहिलं.

“आजोबा, इथं तर काहीच नाई.”

अण्णाजींनी वळून बायकोकडं पाहिलं. मनकर्णाबाईंनी कप भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

“असन कसं?” त्या म्हणाल्या. “भाकरीखाली काय बांधलं होतं, ते तुम्ही पाह्यलंच कुठं त्या दिवशी?”