सहा आठवड्यांनी या

तेजलचं तिसरं बाळंतपण होऊन तीनच तास झाले होते. चौथ्यात ही वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मंदा सिस्टर भिंतीतल्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. आत तांदळाएवढा दाणा होता. तो दंडात बसवला की दहा वर्षं दिवस राहत नसत. पण विम्याच्या मंजुरीशिवाय कपाट उघडत नसे.

"एका भरतीत एकच उपचार मंजूर," कपाट गोड आवाजात म्हणालं. "प्रसूती नोंदली आहे. सहा आठवड्यांनी याच रुग्णालयात या."

"अरे, तोवर ती सासरी गेलेली असेल, चारशे किलोमीटरवर!"

"जाऊ द्या हो सिस्टर," तेजल हसली. "याच्यापेक्षा माझी सासू परवडली. येईन मी."

सव्वा महिना आईने तिला उंबरा ओलांडू दिला नाही, आणि तो संपला त्याच सकाळी सासरचे न्यायला आले.

पुढच्या वर्षी तेजल पुन्हा माहेरी आली, सातवा महिना लागल्यावर. तपासायच्या टेबलावर तिने मान वळवली. "रागावलात, सिस्टर?"

मंदा सिस्टरांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"धाकटी वरचं दूध घेते का गं?" त्यांनी विचारलं.