लेबलावरचे नाना

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आणि चोराच्या मनात चांदणं. सुश्रुतनं एसटीत आर्वीपर्यंत बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आल्या आल्या त्यानं बाटलीभोवती गुंडाळलेला टॉवेल सोडून ती आईसमोर धरली.

"सिंगल माल्ट व्हिस्की. चाळीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. जगात मोजक्याच बाटल्या आहेत, आणि लेबलावरचं चित्र मी काढलेलं."

इंदिराबाईंनी चष्मा लावला. पोराचं नाव झालं याचा आनंद होताच, नाही कशाला म्हणा. मग चित्र नीट दिसलं. आरामखुर्ची, पेपराआड तोंड लपवलेला माणूस, खुर्चीखाली स्टीलचा पेला.

"हे तर नाना."

"ओळखलंस ना? कंपनीवाले म्हणाले, किती शांत दिसतात तुझे वडील."

"शांतच होते. दुपारपासून." त्यांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. "दारूला चाळीस वर्षं जपतात म्हणतोस. तुझे नाना बेचाळिशीत गेले. काऊन काढलंस रे हे?"

"खरं होतं म्हणून. आता तरी लोकांना सांगू ना आई. किती वर्षं कावीळ, कावीळ करायचं?"

फाटक वाजलं. शेजारचे अण्णाजी हार घेऊन येत होते. दारूबंदी समितीचे जुने अध्यक्ष.

इंदिराबाईंनी टीपॉयवरचा पेपर ओढला, बाटली त्यात गुंडाळली, मानेशी कागदाला पीळ दिला आणि आत गेल्या. अण्णाजींच्या चपला निघेपर्यंत त्या पदराला हात पुसत परतही आल्या होत्या.

"वहिनी, पोरानं नाव काढलं. विलायतेत चित्र छापलं म्हणते. कायचं काढलं रे?"

सुश्रुतनं तोंड उघडलं.

"नाना काढले," इंदिराबाई म्हणाल्या. "पेपर वाचताना. पुस्तकावर छापलं."

"वा. देवमाणूस होता. काविळीनं नेलं बिचाऱ्याले."

"हो ना. काविळीनं."

अण्णाजींनी हार सुश्रुतच्या गळ्यात घातला. ते खुर्चीत टेकले तसा सुश्रुत स्वयंपाकघरात गेला. आई चहा टाकत होती. त्यानं ओट्याखाली पाहिलं, फडताळात पाहिलं, पिठाचा डबा हलवून पाहिला.

"कुठं ठेवलीस?"

"तांदळाच्या डब्यामागे." त्यांनी आल्याचा तुकडा ठेचला. "शाळेतून आलास की घरभर शोधायचास ना, नाना बाटली कुठं लपवतात म्हणून? नाना कुठले लपवतात. मीच ठेवायची, फाटक वाजलं की."