वयाचा पुरावा

“शिवकन्येचा दाखला काढायचाय, मॅडम,” लिंबाजी म्हणाला. समोर खुर्ची असूनही तो उभाच राहिला.

शाळा उघडल्यानंतरचा पहिलाच सोमवार होता. राजेश्रीच्या कानात आदल्या दिवशीच्या टाळ्या अजून वाजत होत्या. मुख्याध्यापकाचा पदभार वर्षभरापासून तिच्याकडे होता. ते पद कायमचं मिळावं म्हणून ती परभणीच्या एका महाविद्यालयात शालेय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गाला दर रविवारी जात होती. काल धडा होता नेतृत्व आणि निर्णयाचा. सरांनी तिलाच पुढे बोलावलं. तिने मे महिन्यातली हकीगत सांगितली. नववीतल्या शिवकन्येच्या अंगाला हळद लागली होती. वय पंधरा. राजेश्रीने चाइल्ड हेल्पलाइनला फोन केला, शाळेतल्या नोंदीवरून जन्मतारीख दिली आणि ऐन मांडवात पोलीस उभे राहिले. लग्न थांबलं. सगळा वर्ग उठून टाळ्या वाजवू लागला. “आपण पुस्तकात वाचतो, ते या बाईंनी करून दाखवलं,” सर म्हणाले.

आता त्याच मुलीचा बाप टेबलापलीकडे उभा होता.

“कुठल्या शाळेत घालणार?” तिने विचारलं.

“तिच्या मामाच्या गावाला.” तो थोडा थांबला. “तुमच्यावर राग न्हाई मॅडम. पण लेक शाळंत हाय तवर तिचं वय तुमच्यापाशी हाय. घरात आसली म्हंजी आमी सांगू ते वय.”

मागितलेला दाखला अडवता येत नाही, हा नियम राजेश्रीला तोंडपाठ होता. तिने सही केली.

मंगळवारी आणखी दोघे बाप आले. बुधवारी तर व्हरांड्यात रांगच लागली. कुणाची मुलगी आठवीतली, कुणाची नववीतली. राजेश्री शाळा सुटल्यावर घरोघर फिरली. सगळ्यांनी तिला बसायला सतरंजी टाकली, चहा पाजला, गोड बोलले आणि मुली आतल्या खोलीतून बाहेर येऊ दिल्या नाहीत. गुरुवारी नववीच्या वर्गात मुलींचे बाक मोकळे होते. दाटीवाटीने बसणारी पोरं हळूहळू त्या बाकांवर सरकली.

शुक्रवारी मधली सुट्टी संपली आणि कडूबाई दारात आली. ती शाळेत खिचडी शिजवायची. हात ओलेच होते. तिच्यामागे तिची रोहिणी उभी होती, यंदा नववीत गेलेली.

“हिचा दाखला पायजे, मॅडम.”

राजेश्रीने हातातला पेन टेबलावर ठेवला. शिवकन्येच्या हळदीची खबर कडूबाईनेच चोरून तिच्या कानावर घातली होती. ते दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. टाळ्या घेताना राजेश्रीने तिचं नाव काढलं नव्हतं.

“कडूबाई, तुम्ही पण? तुम्हीच तर मला येऊन...”

“हळू बोला.” कडूबाईने दार लोटून घेतलं. “हिच्या बापानं हिला सोयरीक बघितलीय. येत्या गुरुवारी हळद लावायची म्हणायलाय.”

“मी आत्ता फोन करते.”

“करू नका. एक डाव थांबंल. मंग हिलाबी दुसरीकडं न्हेऊन उरकतील. तिथं कोण हाय फोन करायला?” तिने आवाज आणखी खाली घेतला. “शिवकन्येचं लगीन झालं की. परवा दिशी, मामाच्या दारात. तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?”

सोमवारी केलेली सही राजेश्रीच्या डोळ्यांपुढे आली. तिने विचारलं, “मग दाखला कशाला हवा?”

“सगळेच काढायलेत. मी काढला तर हिच्या बापाला शक यायचा न्हाई.” कडूबाईने रोहिणीला पुढे ढकललं. “हिला परभणीला तुमच्या घरी घिऊन जावा. भांडी घासंल, पडंल ते काम करंल. पण परभणीच्या शाळंत नाव घाला हिचं. हिचं वय हितं गावात ठिवू नका.”

राजेश्रीने मुलीकडे पाहिलं. रोहिणी जमिनीकडे बघत होती. बापाला न सांगता मुलगी नेली, तर पळवून नेल्याची तक्रार होईल. नोकरी जाईल. मुख्याध्यापकाच्या पदाचं तर नावच नको. घरी सासू-सासऱ्यांना काय सांगायचं, हेही कळत नव्हतं. अशा वेळी काय करायचं, ते रविवारच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

“आणि तुम्ही घरी काय सांगाल?”

“ते माझं मी बघते. त्यो बाजारला गेलाय, सांच्याला येतो. ही रानातल्या वाटंनं फाट्यावर जाऊन थांबंल. शाळा सुटली की तुमची गाडी तिथूनच जाती न्हवं?”

राजेश्रीने दाखला लिहिला. जन्मतारीख आकड्यात लिहिली, अक्षरात लिहिली, शिक्का मारला. कडूबाईने तो कागद लेकीच्या हातात दिला, तिच्या तोंडावरून एकदा ओला हात फिरवला आणि ती भांडी घासायला निघून गेली.

सोमवारी परभणीच्या शाळेत रोहिणीचं नाव लागलं. गावच्या शाळेत त्या दिवशी खिचडी शिजली नाही. कडूबाईचे दोन्ही हात मोडले होते, पण लेक कुठे आहे ते तिने सांगितलं नव्हतं.