काळी पोत

"लग्न झालंय हिचं?" सीमेवरच्या चौकीतल्या साहेबांनी पेनानेच केसरच्या गळ्यातली काळी पोत दाखवली.

"साहेब, माझी मुलगी चौदाची आहे. वाटेत पुरुषांनी छळू नये म्हणून मीच माझी पोत तिला घातली."

"इथं सगळ्याच मुली चौदाच्या असतात. लहान असती तर तुमच्याबरोबर सोडली असती. लग्न झालेली बाई नवऱ्याबरोबर जाते, नाहीतर परत. नवरा कुठाय?"

"नवराच नाही तर आणू कुठून?"

"मग बसवा हिला परतीच्या गाडीत."

"मी आहे ना," रांगेत आमच्या मागचा माणूस म्हणाला. तीन दिवस त्याच्याच नजरेपासून मी केसरला पदराआड ठेवत आले होते. "रुसलीय माझ्यावर, म्हणून आईला चिकटलीय."

रांगेतले चारदोन जण हसले. साहेबही.

केसरने माझा दंड घट्ट धरला. परतीची गाडी सुरू होऊन उभी होती. तिच्या बापाला ज्यांनी कापलं, ते सीमेपलीकडे अजून होतेच.

"बोला बाई, जावई हाच ना?"

दंडावरची तिची बोटं मी एकेक करून सोडवली. "हो, हाच," म्हटलं.