बोलावणं

पनवेलच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणाऱ्या भीमाबाईनं दारातूनच विचारलं, "तुमचा शमू दिसत नाय कुठं?"

"त्याला प्रभूनं बोलावलं," सलोमीबाई म्हणाल्या.

भीमाबाईनं टोपली खाली ठेवली आणि उंबऱ्यावरच बसून ती रडायला लागली. आत शमूचे वडील याकोब मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचं ताट तसंच झाकलेलं होतं.

"अगं, रडतेस काय? जिवंत आहे तो," सलोमीबाई हसत म्हणाल्या. "मामलेदाराची नेमणूक आली होती, ती सोडून धर्मशास्त्र शिकायला गेलाय. चर्चचा पाळक होणार आहे."

भीमाबाईनं डोळे पुसले. "जिता हाय नं, मंग बास," म्हणत ती टोपली उचलायला लागली.

"बसा हो थोडा वेळ," मास्तर आतून म्हणाले. "दर रविवारी चर्चमध्ये मीच प्रार्थना करतो. प्रभू, आमच्यातल्या कुणाला तरी तुझ्या सेवेला बोलाव."

मग ते भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "कुणाला तरी, असं म्हणालो होतो मी."